नाटे गावच्या बाईची टोपली

गोष्टीत पंचवीस मुद्दे हवे होते. एक कमी नाही, एक जास्त नाही. बाई कोण, कुठली, कोणत्या वारी निघाली, बरोबर काय होतं, काय विसरलं, कुणाला सापडलं, परत कधी मिळालं. ऐकणाऱ्याने ती एकदा ऐकायची आणि लगेच जमेल तेवढी सांगायची. मग मधे दुसरी कामं करून अर्ध्या तासाने पुन्हा सांगायची. कोणते मुद्दे राहतात आणि कोणते गळतात, यावरून विस्मरणाच्या आजाराची चाहूल फार लवकर लागू शकते, असं मला संशोधक बाईंनी समजावून सांगितलं. त्या मेंदू आणि वागणूक यांच्या संबंधाचा अभ्यास करत होत्या आणि पुण्याहून आल्या होत्या. मासेमारी बंदीचे दोन महिने त्यांनी रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदरासाठी राखून ठेवले होते. एरवी तिथला साठीपुढचा माणूस अर्धा तास एका जागी बसलेला सापडत नाही.

मी जिल्ह्यातल्या एका दैनिकात तीस वर्षं उपसंपादक होतो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्यांना स्थानिक गोष्ट लिहून देणारा माणूस हवा होता, कारण त्यांच्याकडची गोष्ट शहरातली होती. त्या गोष्टीत एक गृहस्थ बँकेत जातात आणि लॉकरची चावी विसरतात. वाड्यातल्या पहिल्याच आजोबांनी ती ऐकून विचारलं, "लॉकरात काय व्हता?" ते गोष्टीत नव्हतं. आजोबांनी पुढे सांगायला नकार दिला. लॉकरात काय आहे ते ठाऊक नसलेल्या माणसाची चावी हरवली काय आणि राहिली काय, असं त्यांचं म्हणणं पडलं.

मी गोष्ट बातमीसारखी लिहिली. ती अशी होती:

"नाटे गावातली एक मासेविक्रेती बाई सोमवारी, आषाढातल्या अमावास्येला, दोन टोपल्या घेऊन सकाळच्या एसटीने रत्नागिरीला आली. एका टोपलीत बारा पापलेटं होती आणि दुसरीत कोळंबी. उतरताना पापलेटांची टोपली सीटखाली राहिली. कंडक्टरने ती डेपोत जमा केली. संध्याकाळी सहा वाजता, समुद्राला भरती असताना, बाई डेपोत पोहोचली. टोपलीत बाराच्या बारा पापलेटं होती. बाईने त्यातली दोन कंडक्टरला दिली आणि शेवटच्या गाडीने ती घरी गेली."

मुद्दे मोजले, पंचवीस भरले. संशोधक बाईंनी गोष्टीच्या प्रती काढल्या आणि प्रत्येक मुद्द्यापुढे एक चौकोन छापून घेतला. वाचताना एक शब्दही बदलायचा नाही, समोरच्याने काही विचारलं तर उत्तर द्यायचं नाही, हा नियम होता. मला तो आवडला. वर्तमानपत्रात असा नियम असता तर माझी तीस वर्षं बरीच शांततेत गेली असती.

चाचणीची जागा म्हणजे बंदीमुळे बंद असलेल्या एका बर्फाच्या कारखान्याचं ऑफिस. टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. ते बाईंनी पहिल्याच दिवशी काढून ठेवलं, कारण 'आज तारीख काय' हा चाचणीतला पहिला प्रश्न होता. ती खबरदारी वाया गेली. कॅलेंडरकडे कुणी पाहिलंच नसतं. तारीख विचारली की उत्तर यायचं, "आज दशमी." चाचणीच्या कागदावर दशमीला चौकोन नव्हता. मी बाईंना म्हटलं, की ज्याला तिथी ठाऊक आहे त्याला भरती-ओहोटीची वेळ, चंद्र आणि बोट किती वाजता निघेल हे सगळं ठाऊक असतं. तारीख फक्त बँकेला लागते. त्या म्हणाल्या, कागदावर तारीख आहे. मग त्यांनी 'चूक' या चौकोनात खूण केली आणि समासात बारीक अक्षरात 'दशमी' लिहिलं. पंधरा दिवसांत समास भरून गेले.

दुसरी अडचण अशी, की लोक त्यांना डॉक्टर समजत. त्या डॉक्टरेट करत होत्या, पण हा फरक वाड्यात कुणाला पटला नाही. चाचणीला येणारी प्रत्येक बाई आधी साडी घोट्यापासून वर घेऊन गुडघा दाखवी. शेवटी संमतीपत्राच्या खाली एक ओळ वाढवावी लागली: 'या अभ्यासात गुडघे तपासले जाणार नाहीत.' ती ओळ मीच लिहिली. ते वाचून एका म्हातारीने विचारलं, "मग खांदा?"

तिसऱ्या आठवड्यात एक तांडेल आले. बोटीचा प्रमुख, सुकाणू ज्याच्या हातात असतं तो तांडेल. वय सत्तरीच्या आसपास, अंगाने काटक, डोक्यावर लोकरीची टोपी, जुलै महिना असूनही. त्यांना त्यांची बायको आणि मुलगा घेऊन आले होते. मुलगा चाळिशीचा. वीस वर्षं बापाच्या हाताखाली खलाशी म्हणून काम करत होता.

कशासाठी आणलं ते बायकोने सांगितलं. मे महिन्यात, हंगामाच्या शेवटच्या दिवसांत, तांडेल पहाटे धक्क्यावर गेले आणि दुसऱ्याच एका बोटीवर चढले. इंजिन सुरू करायला सांगितलं. त्या बोटीचा स्वतःचा तांडेल यायचा होता. खलाशांनी इंजिन सुरू केलं. वाड्यातला एवढा जुना माणूस सांगतोय म्हटल्यावर विचारायचं कसं, हा त्यांचा प्रश्न होता. बोट बाहेर गेली. दुपारपर्यंत कुणी काही बोललं नाही. दुपारी तांडेलांनी एका खलाशाला मुलाच्या नावाने हाक मारली, तेव्हा त्या खलाशाने हळूच सांगितलं की काका, ही तुमची बोट नव्हे. तोवर जाळ्याला मावरं, म्हणजे मासळी, चांगली लागली होती. त्यामुळे बोटीच्या मालकाने तक्रार केली नाही. उलट पुन्हा कधी येणार असं विचारलं.

"लोक हसले," बायको म्हणाली. "मी नाय हसले. ह्यांना आपली बोट वळखू आली नाय. ती ह्यांनी सोता बांधून घेतलेली."

"अंधार व्हता," तांडेल म्हणाले.

"दुपारी पण अंधारच व्हता का वो?"

तर घरात असं ठरलं होतं, की बाय परीक्षा घेईल. पास झाले तर नारळी पौर्णिमेनंतर तेच सुकाणू धरतील. नापास झाले तर मुलगा. संशोधक बाईंनी तिघांना बसवून नीट सांगितलं. ही परीक्षा नाही, यात पास-नापास नाही, हा फक्त अभ्यास आहे, आणि बोट कुणी चालवायची याचा याच्याशी काही संबंध नाही. तिघांनी मान डोलावली. मग मुलाने खिशातून वडिलांचे पासपोर्ट आकाराचे दोन फोटो काढून टेबलावर ठेवले. सर्टिफिकेटावर चिकटवायला.

नातेवाइकांनी बाहेर बसायचं असा नियम होता. मुलगा उठला. बायको दारात उभी राहिली आणि तिथून हलली नाही. बाईंनी गोष्ट वाचली. एका लयीत, न थांबता. नंतर म्हणाल्या, "आता तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं सांगा."

तांडेलांनी विचारलं, "ही कुणी सांगितली?"

"तुम्हाला आठवतं ते सांगा, काका."

"नाय, पण ही लबाडी तुमाला सांगितली कुणी, बाय? नाट्याची बाय मावरं घेऊन रत्नांग्रीला कशाला येईल? नाट्याला बंदर हाय. जाईल तर राजापूरला जाईल. हितं काय मावऱ्याचा दुकाळ पडलाय?"

बाईंनी नियमाप्रमाणे उत्तर दिलं नाही. त्या म्हणाल्या, "आणखी काय आठवतं?"

"आणि आषाढात! बंदीत! पापलेट आलं कुठनं तिच्याकडं? बाहेर कोण गेलावता? त्याचा नाव सांगा, मी मच्छीमार सोसायटीत सांगतंय."

"आणखी?"

"ओली टोपली कंडक्टर गाडीत घेतो? सीटखाली? आमच्या हिला इचारा." त्यांनी दाराकडे बोट केलं.

"मला एकदा साळवी स्टॉपला उतरवलान," बायको दारातून म्हणाली. "टोपली सुकी व्हती तरी."

"अवशेला संध्याकाळी सहाला भरती?" आता ते खुर्चीवरून अर्धे उठले होते. "अवशेला दुपारी भरती. सहाला पार सुकलेला असतो. लहान पोराला इचारा. आणि बारा पापलेटं सकाळपास्नं डेपोत उघडी आणि संध्याकाळी बाराच? डेपोत मांजरं नायत? माणसं नायत?"

संशोधक बाईंचं पेन एका चौकोनावर थांबलं होतं. 'पापलेटं बारा' हा मुद्दा त्यांना आठवला असं धरायचं का, हे त्या ठरवत असाव्यात.

मी कोपऱ्यात बसलो होतो. माझ्या पानावर तीस वर्षांत पाच-सहाच खुलासे छापावे लागले. इथे सात ओळींत पाच चुका निघाल्या, आणि त्याही अशा माणसाने काढल्या ज्याची स्मरणशक्ती तपासायची होती.

"कुणी लिहिली?" तांडेलांनी पुन्हा विचारलं.

मी हात वर केला.

"पेपरवाले ना तुमी? तरीच."

अर्ध्या तासाने पुन्हा गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा त्यांनी गोष्ट सांगितली नाही, फक्त चुका सांगितल्या, पाचांपैकी तीन. कागदावर चुकांसाठी चौकोन नव्हता. संशोधक बाईंनी समास वापरला. त्या दिवशी निकाल काही लागला नाही. खोट्या गोष्टीवर परीक्षा होत नाही, असं तांडेलांनी जाहीर केलं आणि ते फोटो परत घेऊन गेले.

पुढे जे झालं त्याची कल्पना मला यायला हवी होती, कारण खुलासा मूळ बातमीपेक्षा लवकर पसरतो हे मी नोकरीत पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत जाळी विणायला बसलेल्या प्रत्येक माणसाला गोष्ट ठाऊक झाली, आणि ती दुरुस्त झालेली. दुसऱ्या दिवसापासून जो चाचणीला येई तो गोष्ट शांतपणे ऐकून घेई आणि मग बरोबर गोष्ट सांगे. बाई राजापूरला गेली. टोपलीत पापलेट नव्हतं, सुकट होतं. कंडक्टरने तिला आत घेतलंच नाही. एका म्हाताऱ्याने तर शेवटी तिला गाडीऐवजी टेम्पोने घरी पोहोचवलं, कारण त्याच्या माहितीप्रमाणे शेवटची गाडी पावसात बंद असते; पुढे आलेल्या सगळ्यांनी तो टेम्पो कायम ठेवला. चाचणीच्या नियमाप्रमाणे, न ऐकलेलं ऐकल्यासारखं सांगणं हे लक्षण आहे आणि त्याची वेगळी नोंद करायची असते. आठवड्याभराचे कागद पुण्याला गेले. तिथून त्यांच्या मार्गदर्शकांचा फोन आला. फोन टेबलावर होता आणि आवाज मोठा होता.

"तिथे सगळ्या बंदराला एकदम झालंय का हे?" मार्गदर्शक विचारत होते. "आणि सगळ्यांना टेम्पोच कसा दिसतो?"

एवढ्यावर थांबलं नाही. तांडेलांच्या बायकोची बहीण नाट्याला दिलेली. तिच्याकडे फोनवर चौकशी झाली, की टोपली विसरणारी तुमच्यातली कोण. नाट्याहून दोन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी शोधून काढलं होतं. एका घरची सून मागे कधीतरी एसटीत पिशवी विसरली होती, त्यामुळे तीच असणार. ती नाही म्हणत होती. तिच्या सासूचं म्हणणं, की ती नेहमीच नाही म्हणते. मला नाट्याला फोन करून सांगावं लागलं की अशी बाई नाही, अशी टोपली नाही, गोष्ट मी मनाने लिहिली आहे. मग ती बहीण म्हणाली, "मग ह्या सुनेची पिशवी कोणी घेतलान?"

संशोधक बाईंनी त्या आठवड्याचे सगळे कागद बाद केले. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की मी दुसरी गोष्ट लिहू शकेन का, आणि या वेळी ती खरी असू शकेल का.

मी आयुष्यात कुठल्या बातमीसाठी घेतली नसेल एवढी मेहनत त्या सात ओळींसाठी घेतली. गोष्ट दिवाळीनंतरची ठेवली, म्हणजे बंदीचा प्रश्न नाही. मासळी ठेवली नाही. मिरकरवाड्यातला एक खलाशी गुरुवारी आपल्या बहिणीकडे दाभोळला जायला निघतो, गुहागरपर्यंत एसटीने, पुढे धोपाव्याहून फेरीबोटीने खाडी ओलांडून. भाच्यासाठी घेतलेला लाल चेंडू फेरीबोटीच्या बाकाखाली राहतो. फेरीवरचा माणूस पुढच्या फेरीत तो आणून देतो. मी स्वतः धोपाव्याला जाऊन आलो. फेरीला बाक आहे का ते पाहिलं. बाकाखाली चेंडू राहू शकतो की घरंगळतो हेही पाहिलं. त्यासाठी चेंडू विकत घेतला. राहतो. गोष्ट वाड्याबाहेरच्या दोन जुन्या खलाशांना ऐकवली. दोघांनी चूक काढली नाही. एकाने फक्त सांगितलं, की भाच्याला चेंडूबरोबर बॅटही न्यायला हवी होती. पण ते मत होतं, चूक नव्हती.

या वेळी संशोधक बाईंनी प्रत्येकाकडून वचन घेतलं, की गोष्ट बाहेर सांगायची नाही. तांडेलांना त्यांनी पहिल्या दिवशी पहिल्यांदा बोलावलं.

तांडेल तयारीने आले होते. टोपी काढून मांडीवर ठेवली, कानामागे हात धरला. बाईंनी वाचायला सुरुवात केली. तांडेलांचा चेहरा मी बघत होतो. प्रत्येक वाक्याला ते थांबत, तपासत आणि पुढे जाऊ देत. गोष्ट संपली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. माझ्याकडे वळून पुन्हा म्हणाले, "आता बरोबर लिवलाव. कुठं नाव ठेवायला जागा नाय."

मला बरं वाटलं, हे कबूल करतो.

"आता तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं सांगा," बाई म्हणाल्या.

"बरोबर हाय सगळा."

"हो. पण काय होतं गोष्टीत?"

त्यांनी टोपी एका गुडघ्यावरून दुसऱ्यावर ठेवली. "एक माणूस व्हता," ते म्हणाले. टोपी पुन्हा पहिल्या गुडघ्यावर आली. "धोपाव्याची फेरी. तिथं खाडीच्या तोंडाला सुकतीला, ओहटी लागली की, पाणी लय ओढतो. फेरीवाल्यानं बोट जरा वरच्या अंगाला धरायला लागते." मग खाडीबद्दल ते पाच मिनिटं बोलले. सगळं खरं असावं. त्यातलं गोष्टीत काही नव्हतं.

अर्ध्या तासाने बाईंनी विचारलं, "मघाशी मी तुम्हाला एक गोष्ट वाचून दाखवली होती. ती आठवते?"

"आठवते की. नाट्याच्या बाईची. लबाड हाय ती."

"ती नाही. आजची."

त्यांनी बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आज कुठली गोष्ट?"

चुकीच्या गोष्टीत त्यांना धरायला जागा होती. बंदी, भरती, कंडक्टर, मांजरं हे सगळं त्यांच्याकडे पन्नास वर्षांपासून होतं. गोष्ट त्याला अडखळली आणि त्यांनी तिला पकडलं. शिवाय वाडा दोन आठवडे रोज तीच गोष्ट घोळवत होता. दुसरी गोष्ट कुठेच अडखळली नाही. ती सरळ आत गेली आणि सरळ बाहेर गेली. हे मला नंतर संशोधक बाईंनी समजावलं. त्या वेळी माझ्या मनात फक्त एवढंच आलं, की गोष्टीत चूक राहू नये म्हणून मी चेंडू घेऊन धोपाव्याला गेलो होतो.

बाईंनी तांडेलांची परवानगी घेऊन घरच्यांना आत बोलावलं. जे सांगितलं ते सावकाश सांगितलं. हे निदान नाही. थकवा असेल, रक्तात काही कमी असेल, कानाचं असेल. पण मोठ्या इस्पितळात डॉक्टरांना दाखवायला हवं, आणि लवकर. त्यांनी चिठ्ठी लिहून दिली. बायकोने ती घडी घालून ब्लाऊजमध्ये ठेवली आणि विचारलं, "गोळी मिळंल?" बाई म्हणाल्या, की ते डॉक्टर ठरवतील.

"म्हंजे नापास," तांडेल म्हणाले.

"काका, यात नापास नसतं."

"मग पास हाय काय?"



त्यानंतर चौथ्या दिवशी मुलगा माझ्या घरी आला. सुकाणूसाठी वीस वर्षं थांबलेला माणूस हाच. चहा झाल्यावर त्याने येण्याचं कारण सांगितलं.

"भाऊ, अजून एक गोष्ट लिवा."

"कशाला?"

"चुका घालून. थोड्या जास्तच घाला. बाबा चुकांवर चांगले चालतात."

मी त्याला म्हटलं, की बाई तशी गोष्ट वापरणार नाहीत.

"बाईला नाय वाचायची. घरी वाचायची. आई दोन दिवस जेवली नाय. बाबा धक्क्यावर येत नायत. बोटीकडं बघत पण नायत. बोलतात, माझी नाय ती. खरा बोलतात का रागानं बोलतात, ता पण कळत नाय." त्याने कप खाली ठेवला. "मला सुकाणू नको आता. मला वाटलेलं बाबा भांडतील. भांडून घ्यायचा म्हणून मी तयारी केलेली."

मी म्हटलं, डॉक्टरांकडे गेलात का. गेले होते. रक्त घेतलं होतं, डोक्याचा फोटो काढायला पुढच्या आठवड्यात बोलावलं होतं.

उपसंपादकाला चुका काढायला येतात. घालायला बसलं की हात चालत नाही. एक सकाळ गेली. शेवटी सात ओळींत अकरा चुका बसल्या. त्यात दाभोळ राजापूर तालुक्यात होतं, बांगडा खाडीत गळाला लागला होता, आणि एक तांडेल दक्षिणेचा वारा शिडात भरून सरळ दक्षिणेला गेला होता. मला ती गोष्ट वाचून लाज वाटली. मुलगा म्हणाला, झकास झाली.

त्यांच्या पडवीत मी ती वाचली. तांडेल जाळ्याची गाठ मारत होते. पहिल्या चुकीला हात थांबला. तिसऱ्या चुकीला जाळं बाजूला गेलं. पाचव्या चुकीला ते उभे होते. "दाभोळ राजापुरात? मधी जयगड काय वाहून गेला?" अकराच्या अकरा त्यांनी पकडल्या आणि वर एक बारावी काढली जी मी घातलेली नव्हती, ती माझी स्वतःची होती. मुलगा हसत होता. बायको आतून बाहेर आली, पदराला हात पुसत. चुलीपुढे कामात असलेल्या माणसाचा चेहरा असतो तसा चेहरा होता, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिने नवऱ्याला "पेपरवाल्याला जरा दम खाऊ द्या की" असं म्हटलं.

तांडेल खाली बसले.

"ही परीक्षेची हाय?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

"मग कुणी सांगितली लिवायला?"

मुलगा जमिनीकडे बघत होता.

"मला उगाच पास करताव," ते म्हणाले. राग नव्हता. एक शेंडा तुटलेला दोरा ते बोटाभोवती गुंडाळत राहिले. "बायनं विचारलेला ना मला, आजची गोष्ट. मला सांगता नाय आला. तेव्हा तिचा तोंड बघितला मी. ता मला आठवतो." मग मुलाला म्हणाले, "तू घे सुकाणू. पण ह्या खाडीच्या तोंडापास्नं काळबादेवीच्या पुढं पतुर पाण्यातली खडपं तुला सगळी ठावी नायत."

"जीपीएस हाय ना, बाबा."

"जीपीएसला माझ्या बानं सांगितलावता काय?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कागद आणलाव ना? लिवा. मी सांगतंय तवर लिवा."

मी तीन सकाळी जात राहिलो. पाण्याखालचा खडक जमिनीवरच्या खुणांनी सांगायचा असतो. किल्ल्यावरचा दिवा अमुक झाडाच्या डाव्या अंगाला आला आणि मागे डोंगरातली खिंड उघडी दिसली, की खाली खडप. खुणा चार असतात, दोन समोर आणि दोन बाजूला. ते डोळे मिटून सांगत. मी लिहिलेलं वाचून दाखवी. ते मधेच थांबवून दुरुस्त करीत, आणि दुरुस्ती बरोबर निघे, कारण मुलगा संध्याकाळी जाऊन खुणा पाहून येई. झाड पडलेलं असेल तर तेही सांगे. मग तांडेल दुसरं झाड देत. पहिल्या दिवशी सतरा खडपं झाली. दुसऱ्या दिवशी अकरा. तिसऱ्या दिवशी कमी झाली आणि मधे मधे ते मला विचारत, की मी कोण आणि कशासाठी लिहून घेतोय. मी सांगितलं की ते चालू होत.

संशोधक बाई शेवटच्या दिवशी आल्या. त्या पुढच्या सकाळी पुण्याला परत जाणार होत्या. त्यांनी काही विचारलं नाही, पायरीवर बसून ऐकत राहिल्या. तांडेलांनी त्यांना ओळखलं आणि गुडघा पुढे केला. त्यांनी या वेळी नियम सांगितला नाही. हात लावून पाहिला आणि शेक घ्या म्हणाल्या.

वही मी घरी नेऊन स्वच्छ अक्षरात उतरवली. एक खडप तांडेलांनी दोनदा सांगितलं होतं. पहिल्या सकाळी तिसरं, शेवटच्या सकाळी शेवटून दुसरं. चारही खुणा दोन्ही वेळा तंतोतंत त्याच होत्या, शब्दही जवळजवळ तेच. पुनरुक्ती दिसली की कापायची, हे माझं तीस वर्षांचं काम. मी लाल पेन उघडून बसलो होतो. मग मुलाला फोन केला आणि विचारलं, एक काढू का.

"दोन्ही ऱ्हाऊ दे, भाऊ," तो म्हणाला. "बाबांनी दोनदा सांगितलानी, म्हंजे मी तिथनं दोनदा लांबनं जाईन."

मी दोन्ही ठेवली. नारळी पौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी बोट गेली. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सुकाणूजवळ खिळ्याला टांगली होती. तांडेल धक्क्यावर आले होते. कुणी सांगितलं नव्हतं, आपले आपण आले. ओळीने लागलेल्या बोटींपुढून ते एकदा चालत गेले आणि परत आले, आणि बायकोने "ती, ती निळी" म्हणायच्या आत आपल्या बोटीसमोर उभे राहून मुलाला शिव्या द्यायला लागले, की दोर असा सोडतात होय रे.